सात नारसिंह

जामसर
१२ डिसेंबर २०२३

काका,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं ते चौथीच्या मुलांना मीच शिकवते. आज त्यातलं काहीच लिहवत नाही. तू तिथे बरा असशील असं धरून चालते.

तुला पकडून नेल्यावर इतके दिवस मला वाटत होतं, काहीतरी गफलत झाली असणार. परवा जव्हारला चौकीवर बोलावलं तेव्हा फौजदारांनी सगळं सांगितलं. मुंबईच्या एका प्रदर्शनात दोन श्रीमंत माणसांनी आपापला जुना मुखवटा ठेवायला पाठवला. दोघांच्याही चिठ्ठीवर 'अशा प्रकारचा एकमेव' असं लिहिलेलं. खोकी उघडली तर दोन्हीतून आपला नारसिंह बाहेर आला. तोच तुटका डावा कान, तीच कपाळावरची चीर. मग शोध घेतला तर आणखी पाच निघाले. सांगता सांगता फौजदारांनाच हसू फुटलं. मला हसू आलं नाही.

त्यांना मला बोहाडा म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. चैत्रात सूर्यमाळला आपल्या पाड्यावर देवांची सोंगं निघतात. एकेका घराण्याकडे एकेका देवाचा मुखवटा. तो त्याच घराण्याने तोंडाला बांधायचा, सांबळावर नाचवायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि आमच्या घराण्याकडे नारसिंह आहे. ते लिहून घेत होते आणि मी बोलता बोलता रडत होते.

आता मुद्द्याचं. पाड्यावर बैठक झाली. आपल्या घरात खुंटीला टांगलेला नारसिंह आजोबांचा आहे की तूच केलेला आहे, ते कळेपर्यंत आपला मान बंद. या साली तुझ्या जागी हेमंत पहिल्यांदा नाचणार होता. पावसाळ्यापासून तो घरामागे पाय घोटवतोय, आता ते थांबलंय. माझा भाऊ आहे म्हणून सांगत नाही, पण त्याचं तोंड बघवत नाही. बाबा कुणाशी बोलत नाहीत. हिराबाई काकी सगळ्यांना वाढते आणि स्वतः जेवत नाही.

इतकं सगळं झाल्यावर तू का केलंस ते मी विचारत नाही. एकच विचारते. आजोबांचा नारसिंह तू विकलास का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

हर्षाली


जेलमधून
६ जानेवारी २०२४

हर्षे,

नाही.

आता पत्र फाडणार नसशील तर पुढे वाच. घरात टांगलाय तो माझ्या आज्याच्या बापाने केलेला, जुना, खरा. तो मी कधी उंबऱ्याबाहेर नेला नाही, बोहाडा सोडून. बैठकीत हे पत्र वाचून दाखव. पत्रं तपासणारा इथला साहेब पण वाचेल, म्हणजे साक्षीदार झाला.

तू का ते विचारलं नाहीस, तरी मी सांगणार, कारण इथे दुसरं काम नाही. मी जव्हारच्या बाजारात सोंगं विकायला बसायचो ते तू लहानपणापासून बघितलं आहेस. कागदाचा लगदा करायचा, कीड लागू नये म्हणून त्यात मेथीचं पीठ घालायचं, चिंचोक्याची खळ, साच्यावर थापायचं, वाळवायचं, रंगवायचं. लोक यायचे, तोंडाला लावून फोटो काढायचे, ठेवून जायचे. एक दिवस नाशिककडचा एक दलाल आला. त्याने सोंग हातात घेतलं, उलटं केलं, आत बघितलं. म्हणाला, काम झकास आहे, पण याला वय नाही. आणि ठेवून दिलं. पोरी, मला इतकं लागलं ते. काम झकास आहे म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. मी त्या रात्री ठरवलं, वय करायचं.

तुला माहीत आहे, दर साली बोहाड्याच्या आधी आपण सोंगाला नवा रंग देतो. म्हणजे जुन्या सोंगावर रंगावर रंग चढलेले असतात. पणजोबाच्या वेळचा गेरू आणि चुना, आजोबाच्या वेळचे पुडीचे रंग, बाच्या वेळचा डब्यातला तेलरंग. मी त्याच क्रमाने चढवत गेलो. एक थर, मग चुलीवरच्या माळ्यात धूर, मग तुपाचा हात, मग दुसरा थर. मधे दोन सालं दुष्काळात बोहाडाच झाला नव्हता, बा सांगायचा. तिथे मी रंग दिला नाही, नुसता धूर दिला. कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. पण मला कळलं असतं. एकेका सोंगाला दोन दोन पावसाळे गेले. दलाल घाई करायचा, मी त्याला सांगायचो, वय घाईने होत नाही.

तुझ्या फौजदाराने मलाही विचारलं होतं की सातही वेळा तेच तोंड का केलंस. एक रावण केला असतास, एक वेताळ केला असतास, तर जन्मात सापडला नसतास. हर्षे, तूच सांग, रावण आपल्या घरचा आहे का? दुसऱ्या घराण्याच्या देवाला मी हात कसा लावू? त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी अगदी मनापासून बोलत होतो.

हेमंतला म्हणावं थांबू नको. आणि उजवा पाय आधी.

रोहिदास काका


जामसर
५ फेब्रुवारी २०२४

काका,

बैठकीत तुझं पत्र वाचलं. रामी आजीकडे रावण आहे ना, ती रावणाचं ऐकून मान डोलवत म्हणाली, बेस केलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, ज्याने सात जणांना फसवलं त्याच्या शब्दावर देव ठरवायचा का. मला त्याचं म्हणणं चूक वाटलं नाही.

म्हणून मी तुझ्या तारखेला कोर्टात आले होते. तू मला पाहिलं नाहीस, मी मागे बसले होते. तुला आणायच्या आधी त्यांनी सगळा मुद्देमाल टेबलावर मांडला. काका, मी रागाने आले होते. बसमध्ये सगळा वेळ तुला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. आणि त्या दारातून आत पाऊल टाकलं तर समोर सात नारसिंह, ओळीने, प्रत्येकाच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी. माझ्या चपला कधी निघाल्या ते मला कळलं नाही. शिपाई म्हणाला, अहो बाई, चपला घाला, हे कोर्ट आहे. मी हात जोडून उभी होते. आपल्या घरातला एक मी रोज बघत मोठी झाले, त्याची भीती कधीच गेली. हे सात मला बघत होते आणि चपलांकडे परत पाय वळेना.

मग साक्षीला एक तज्ज्ञ उभे राहिले. म्हातारे आहेत, मुखवट्यांतच आयुष्य गेलेलं. त्यांनी एका नारसिंहाच्या हनुवटीपाशी कोरून एकेक थर उघडा केला होता, त्याचा मोठा फोटो दाखवला. गेरू, चुना, पुडीचे रंग, तेलरंग, सगळं तू लिहिलंस तसं. मधे धुराच्या दोन रेघा बाकीच्यांपेक्षा जाड आणि काळ्या आहेत, त्यांचा अर्थ त्यांना लागला नव्हता. ते दुष्काळ आहेत हे त्या कोर्टात फक्त मला ठाऊक होतं. आपला काका खोटारडा आहे आणि त्याने न झालेल्या बोहाड्याचा सुद्धा मान ठेवला, हे दोन्ही एकदम डोक्यात कसं ठेवायचं ते मला अजून जमत नाही.

पण लगद्यातला कागद अलीकडचा निघाला. सातांचाही. तज्ज्ञ म्हणाले, सगळे नवे, कुठलाही अस्सल नाही. म्हणजे घरातला तोच जुना. मी तशीच सूर्यमाळला गेले आणि पंचांना सांगितलं. सगळ्यांचे चेहरे निवळले. मान परत मिळालाच म्हणून हेमंत उठलासुद्धा होता.

तर सांबळवाला म्हातारा, आपला पुंजा डोसा, अडून बसला. तज्ज्ञ आणखी एक वाक्य बोलले होते, मी ते सहज सांगून टाकलं, की मुखवट्यांच्या आत सुकलेला घाम मात्र माणसाचा आहे. न्यायाधीशांनी तिकडे लक्षही दिलं नाही. पुंजा डोशाने मात्र तेच धरून ठेवलंय. घाम कुठून आणला, एवढं रोहिदासला विचार, म्हणतो. वय झालंय त्याचं. तू काहीतरी औषध लावलं असशील, मीठ किंवा काय ते. तेवढं लिहून पाठव म्हणजे विषय मिटेल.

हर्षाली


जेलमधून
१० मार्च २०२४

हर्षे,

उत्तराला उशीर झाला. निकाल लागला, अडीच वर्षं, आत आल्या दिवसापासून धरून. उशीर त्यामुळे नाही झाला.

पुंजाला कसलंही औषध सांग. मीठ सांग, तेल सांग. खरं सांगतो ते तुझ्यापाशीच ठेव.

मीठ मी करून बघितलं होतं. वाळल्यावर पांढरं पडतं, आणि ते सगळीकडे सारखं पडतं. मग मी पहिलं सोंग बांधून भर दुपारी माळावरच्या खोपीत नुसता बसलो. घाम आला, पण बसलेल्या माणसाचा घाम सरळ खाली हनुवटीला जातो. बापाच्या सोंगात तो कपाळावर आहे, कानशिलाला आहे, गालावरून आडवा गेलाय. तो नाचणाऱ्याचा घाम आहे, पोरी. बसून येत नाही.

म्हणून उभा राहिलो. नुसते पाय हलवले, तर पाय चालेनात. सांबळाशिवाय नारसिंह कसा चालणार? तुझी काकी भाकरी घेऊन आली होती. मी तिला काही बोललो नाही. तिने तेलाचा रिकामा डबा घेतला, माझ्याकडे पाठ केली आणि वाजवायला लागली. पुंजाचा ठेका, जसाच्या तसा. इतकी सालं बायांमध्ये बसून ऐकलेला.

त्यापुढचं मला सांगता येत नाही. म्हणजे मला आठवतच नाही. तीस वर्षं बोहाड्यात मी नारसिंह नाचवला, तेव्हा कधीमधी अंगात वारं यायचं, कधी नाही यायचं, लोकांना कळू द्यायचं नाही. त्या खोपीत मी एकटा, खोटं सोंग माझ्याच हातचं, रंग अजून ओला वास मारत होता, आणि तो आला. असा कधीच आला नव्हता. शुद्धीवर आलो तेव्हा खोपीची एक कुडाची भिंत आडवी झाली होती आणि हिरा कोपऱ्यात हात जोडून बसली होती.

मी सोडून द्यायला हवं होतं. दुसऱ्या सोंगाच्या वेळी मनाला सांगितलं, घामापुरतंच. पण मी घामासाठी नाचत नव्हतो, हे मलाही कळत होतं. सातही वेळा तो आला.

आता तुला कळलं असेल मी पुंजाला का भितो. लगदा विकला तर तो लगदा. पण एकदा सांबळावर नाचवलेलं सोंग देव होतं, ते विकत नाहीत, ते उघड्यावर ठेवत नाहीत, पाड्याबाहेर नेत नाहीत. मी सात देव विकले. कोर्टाला वाटतं मी खोटं विकलं. पुंजाला कळलं तर आपला मान जन्मभरासाठी गेला, हेमंतचा पण. म्हणून म्हणतो, औषध सांग.

काका


सूर्यमाळ
२४ मार्च २०२४

काका,

मी औषध सांगायलाच गेले होते.

वडाखाली सगळे बसले होते. मी तोंड उघडलं, मीठ म्हटलं, आणि पुढे बोलवेना. समोर हेमंत बसला होता. त्याने ते सोंग तोंडाला बांधायचं आणि त्याच्या पाठीशी माझं खोटं असायचं, हे मला जमेना. मी तशीच उभी राहिले. तेवढ्यात मागून बायांमधून काकी उठली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा माणसांत बोलली. म्हणाली, "मीठ नाय. तो नाचला. मी वाजवलं."

कुणी ओरडलं नाही, काका. मला वाटलं होतं ओरडतील. पुंजा डोसा उठून तिच्यापाशी गेला आणि त्याने विचारलं, काय वाजवलंस, दाखव. काकीने जमिनीवर बसून तळहाताने दगडावर ठेका धरला. डोसा ऐकत राहिला. त्याचे डोळे भरून आले आणि तो जागेवर जाऊन बसला.

मग पंचांचं ठरलं. मानाचं नंतर बघू. आधी सात देव बाहेर पडलेत, ते बोहाड्याच्या आत घरी आणायचे. कोण आणणार, तर शिकलेली पोरगी आणणार, म्हणजे मी. कोर्टाने मुखवटे ज्याचे त्याला परत दिलेत. मी मालकांना फोन लावायला सुरुवात केली आहे.

तू रागावशील हे मला माहीत आहे.

हर्षाली


जेलमधून
२ एप्रिल २०२४

हर्षाली,

मी तुझ्यापाशी ठेव म्हटलं होतं. तू आणि तुझ्या काकीने मिळून मला गाडलं. आता मी सुटून आलो तरी कुठे येऊ? चैत्रात सांबळ वाजलं की मी बाहेरच्या माणसासारखा कुंपणाला उभा राहायचं का? यापुढे लिहू नको.

रोहिदास


सूर्यमाळ
१० मे २०२४

काका,

लिहू नको म्हणालास तरी लिहिते. रागाने का होईना, शेवटपर्यंत वाच.

सहा मालकांनी लगेच दिले. त्यांना ते घरात नकोच होते, खोट्या मालाची लाज. एकाने तर गाडीच्या डिकीत जुन्या कपड्यांत टाकून ठेवला होता, वर पंक्चरचं सामान. मी पदराने पुसला आणि छातीशी धरून घेऊन आले. सातवा पुण्याच्या एका बाईंकडे होता. वय झालेल्या, एकट्याच राहतात. त्या देईनात. म्हणाल्या, कोर्टातून परत आल्यावर मी तो सवयीने जुन्या जागी टांगला, मग खोटा म्हणून भिंतीवरून काढायला गेले होते, पण त्याच्याकडे बघून हात खाली आले. मी त्यांना तू कसा नाचलास ते सांगितलं. त्यांनी तो स्वतःच उतरवला. मग म्हणाल्या, असं असेल तर मी स्वतः पोचवते. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून, मांडीवर नारसिंह घेऊन, त्या मोखाड्याचा सगळा घाट चढून आल्या.

सातही घेऊन टेम्पो पाड्याच्या तोंडाशी थांबला तेव्हा दुपार होती. टँकर दोन दिवस फिरकला नव्हता, घराघरात तळाला गेलेलं पाणी. तरी प्रत्येक घरातून बाई लोटा घेऊन आली. सातांच्या वाटेवर पाणी टाकलं, माती ओली होईस्तोवर. पुंजा डोसा सांबळ घेऊन पुढे. काकीने एकेकाच्या गळ्यातली नंबराची चिठ्ठी काढली आणि ओवाळलं. पुण्याच्या बाई माझा हात धरून उभ्या होत्या.

बोहाड्याला हेमंतला आजोबांचा नारसिंह बांधायला दिला. तेवढं पंचांनी आधीच मान्य केलं. सात मात्र मांडवात घोंगडीवर ओळीने बसवले. पहाटे नारसिंहाची पाळी आली. हेमंत टेंभ्यांच्या उजेडात आला, तुझ्यासारखाच, उजवा पाय आधी. नाचत नाचत मांडवासमोर आला आणि थांबला. समोर सात, इकडे तो. तेच तोंड, तोच कान, तीच चीर. तुला आपल्या बोहाड्यातला गोंगाट माहीत आहे, शिट्ट्या, पोरांची पळापळ. सगळं बंद झालं. पुंजा डोशाचे हात सांबळावर तसेच थांबले. कडेवरचं पोरसुद्धा रडायचं विसरलं. हेमंत खाली वाकला आणि त्याने सातांपुढे डोकं टेकलं. मग सगळा पाडा खाली वाकला. मी आजवर देवाला घाबरले आहे, देवाकडे मागितलं आहे, पण असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं आपण उभे आहोत ती टेकडीच वाकली.

उजाडल्यावर पंच बसले. एक जण म्हणाला, सात सोंगं सात घरांना वाटून देऊ. डोशाने नकार दिला. ज्याने पहिल्यांदा नाचवलं त्याचं ते सोंग, तो जिता असेतो दुसऱ्याने बांधायचं नाही, हा आपला रिवाज. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "त्याला लिव. सात देव तूच जागं केलंस, तं सातीच्या साती तूच नाचव. एका रातीत. दर साली, मरस्तोवर. एकाला बी उपाशी ठेवायचा नाय." मी विचारलं, ही शिक्षा आहे की मान आहे. तो म्हणाला, त्याला कळंल.

तोवर काकी रोज सातांपुढे सात दिवे लावते. ती जेवते आता.

हर्षाली


जेलमधून
२६ मे २०२४

हर्षे,

तुझं पत्र मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. पत्रं तपासणारा साहेब ते मला द्यायला स्वतः आला होता. जाताना त्याने माझ्या पायाकडे बघितलं.

न्यायाधीशाने शिक्षा वाचली तेव्हा मला भीती वाटली नव्हती. अडीच वर्षं म्हणजे एका सोंगाच्या वयाहून थोडं जास्त, निघून जातात. पुंजाची वाचली आणि घशाखाली घास गेला नाही. मी छप्पन्न वर्षांचा माणूस. एक नारसिंह नाचवला की दुसऱ्या दिवशी उठता येत नाही, हिराला विचार. सात कसे नाचवायचे? एक उतरवायचा, दुसरा बांधायचा, आणि तो येणार, खोपीत आला तसाच येणार. पाचव्या सहाव्यालाच मी मरेन, पोरी. आणि तू विचारलंस ना डोशाला, शिक्षा की मान? मला कळलं. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही, आणि इतका मी कधी घाबरलोही नाही.

मागच्या पत्रातलं सगळं सोडून दे. तुझं बरोबर होतं, हिराचं बरोबर होतं. पुण्याच्या बाईंना माझा नमस्कार सांग.

पहाटे बराक उघडायच्या आधी मी भिंतीला धरून गुडघे वाकवतो. पहिल्या दिवशी चार वेळाही जमलं नाही. शेजारचा एक पोरगा, मारामारीत आत आलेला, हसत होता. मी त्याला सांगितलं कशासाठी ते. आता तो हसत नाही, भांड्यावर बोटांनी ठेका देतो. चुकतो, पण देतो.

सुटायला अजून वेळ आहे. तोवर मी सातांपुरता तयार होतो.

रोहिदास काका